शहरातून काळे तेजोमेघ टिपायला कोणता फिल्टर घ्यावा?

कोणताच नाही. ते पैसे पेट्रोलला ठेवा.

काळा तेजोमेघ म्हणजे अवकाशातला धुळीचा ढग (तेज नाही तरी तेजोमेघ, असो). तो दिसतो मागच्या ताऱ्यांच्या उजेडावर, आणि तो उजेड सगळ्या रंगांचा असतो. हायड्रोजन-अल्फा फिल्टर त्यातली हायड्रोजनच्या लाल उजेडाची एक बारीक पट्टी ठेवतो, बाकीचा उजेड अडवतो. मग काळं उठून दिसणार कशावर? हे मी फिल्टर विकत घेऊन शिकलोय. पुण्यात गच्चीवरून गरुड तारकासमूहातल्या बर्नार्ड १४२-१४३ या काळ्या जोडीवर (खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डच्या यादीतले क्रमांक) दोन वर्षं घालवली, हाती आला नुसता करडा चिखल.

शेवटी कार्तिक अमावस्येला भंडारदरा गाठलं. (आश्विनातली नको, दिवाळीचा धूर असतो. त्याआधी ढग.) गरुड तेव्हा लवकर मावळतो, जेमतेम दोन तास मिळतात. १३५ मिमीची लेन्स, ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), एकेका मिनिटाचे ९५ फोटो. घरी येऊन स्टॅक केले, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो केला, आणि श्रवणाशेजारच्या ताराझेद ताऱ्याजवळ पूर्ण चंद्राएवढं काळं इंग्रजी 'ई' उमटलं. रात्री दोनला बायकोला उठवून दाखवलं.

आमच्या आकाशनिरीक्षण गटाच्या बैठकीत तो फोटो लावला. तिथले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आधी लेन्स पूस." सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही.

अहो, खुद्द बर्नार्डला ही कितीतरी वर्षं आकाशातली भोकंच वाटायची! १९१९ साली त्याने १८२ काळ्या खुणांची यादी छापली तेव्हाही तो जपूनच बोलत होता. काकांचा निकाल मात्र दोन सेकंदांत.

पुढच्या वर्षी तिथेच जाऊन कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून तेच काढलं. सेन्सरवरची धूळ चौकटीतली जागा सोडत नाही. माझं 'ई' मात्र ताऱ्यांबरोबर आडवं झालं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून गटावर टाकले. काकांकडून फक्त अंगठा आला.

तर तुम्हीही दोन रात्री, दोन कोनांतून काढा. कोण काय म्हणेल सांगता येत नाही.

फिल्टरला एक अपवाद आहे, मृगातला घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ. त्याच्यामागे हायड्रोजनच चमकतो, त्यामुळे तो शहरातूनही जमतो.

आणि फ्लॅट्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, त्यांवरून धुळीचे डाग काढून टाकता येतात) काढायला विसरू नका. माझ्या त्या पहिल्या फोटोत खाली उजवीकडे एक गोल डाग होता, तो धुळीचाच होता.