जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतलाय. ९ किलोचा सिलिंडर चार दिवसांत संपतो, फर्नेस (ट्रेलर गरम करणारा गॅस हीटर) टकटक करतो पण पेटत नाही. गळती असेल का? रात्री गॅस चालू ठेवून झोपावं का?

आधी हिशेब करू. गळती आहे की नाही याचा अंदाज त्यातूनच येतो.

एक किलो प्रोपेन (सिलिंडरमधला गॅस) म्हणजे साधारण १३ ते १४ युनिट उष्णता (युनिट विजेच्या बिलातलंच), म्हणजे ९ किलोच्या सिलिंडरमध्ये सव्वाशेच्या आसपास युनिट. ट्रेलरमधले बरेच फर्नेस ताशी ३०,००० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचं माप) घरातले असतात. तसला फर्नेस ज्योत पेटलेली असताना तासाला ६००-६५० ग्रॅम गॅस खातो. थंडीच्या रात्री सगळे मिळून तीन तास जरी ज्योत पेटली, तरी जवळपास दोन किलो गेले. गॅसवरचा फ्रिज थांबत थांबत चालतो, त्याचे दिवसाला ३००-४०० ग्रॅम धरा. शेगडीचा एक बर्नर तासभर चालला तर दीडशे ग्रॅम. वीस-बावीस लिटरचा गीझर थंड पाणी एकदा पूर्ण तापवायला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास घेतो. त्यामुळे फर्नेस नीट चालत असताना सिलिंडर चार दिवसांत संपला, तर त्यात नवल नाही. पण तुमचा फर्नेस पेटतच नाही म्हणता, आणि तरी चार दिवसांत सिलिंडर रिकामा होतो. हा हिशेब जुळत नाही. म्हणून फर्नेसच्या आधी गळती शोधा.

त्यासाठी भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात कालवून दाट फेस करा. अमोनिया किंवा ब्लीच असलेला साबण नको, पितळेच्या जोडांना त्याने हळूहळू चिरा जातात. सगळी उपकरणं बंद, सिलिंडरची चाकी उघडी, आणि ब्रशने फेस लावायचा: सिलिंडरचा जोड, रबरी नळी दोन्ही टोकांना, रेग्युलेटर, आणि मग ट्रेलरच्या पोटाखालून जाणाऱ्या पाइपचा एकेक जोड. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर नजर ठेवा. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीत पिनच्या डोक्याएवढे बुडबुडे एकाच जागी पुन्हा पुन्हा येतात, घाईत ते नजरेतून सुटतात. नळी वाकवून बघा, कारण रबराच्या भेगा ती सरळ असताना दिसत नाहीत. काडी पेटवून गळती शोधायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

फेसाने काही सापडलं नाही तर दाबाची चाचणी करून घ्या. रेग्युलेटरच्या पुढे दाब फार कमी असतो, ११ इंच पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे २७-२८ मिलिबार. काही देशांत ३० किंवा ३७ मिलिबारची उपकरणं असतात, तेव्हा उपकरणावरची पट्टी वाचल्याशिवाय रेग्युलेटर बदलू नका. मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावायचा, सिलिंडर बंद करायचा आणि दहा मिनिटं काटा हलतो का ते बघायचं. हे काम गॅसच्या जाणकार मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं. जुना ट्रेलर हातात आल्यावर पहिला खर्च मी इथेच करेन, पडदे-गाद्यांवर नंतर.

आता फर्नेस. थर्मोस्टॅटने (तापमान सांभाळणाऱ्या स्विचने) उष्णता मागितली की आधी पंखा फिरतो. पंख्याच्या झोताने एक छोटं पातं ढकललं जातं आणि एक स्विच जुळतो. तो जुळला तरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगीची टकटक सुरू होते. पंखा फिरतोय पण टकटकच नाही, तर बहुतेक वेळा बॅटरी दमलेली असते. पंखा ७-८ अँपिअर ओढतो, व्होल्टेज ११ च्या खाली गेलं की झोत कमी पडतो. पात्याला चिकटलेला धूळ-केसांचा गुंता हेही कारण असू शकतं. पेटून काही सेकंदांत विझतो, तर ज्योत ओळखणारा इलेक्ट्रोड बहुधा काजळलाय किंवा जागचा सरकलाय.

तुमच्याकडे टकटक होते, म्हणजे पंखा आणि स्विच ठीक आहेत. ज्योतीपर्यंत गॅस पोचत नसणार. शेगडी पेटवा आणि ज्योत बघा. एक बर्नर नीट जळतो पण दुसरा पेटवला की दोन्ही मंदावतात, असं होत असेल तर सिलिंडरच्या जोडातला सुरक्षा-झडप बहुधा अडकलाय. नळी तुटली तर गॅस रोखण्यासाठी तो असतो. चाकी एका झटक्यात उघडली की त्याला वाटतं नळी तुटली, आणि तो नुसती धार सोडतो. यात तंत्रज्ञाची गरज नाही: सगळी उपकरणं बंद करा, चाकी बंद करा, जोड सोडवून हाताने पुन्हा आवळा, पाच मिनिटं थांबा आणि मग चाकी अगदी सावकाश, पाव-पाव वळसा, उघडा. मला तरी फर्नेस पेटत नसल्याच्या तक्रारींमध्ये पहिला संशय याच चाकीवर येतो.

शेगडी जोमाने जळत असेल आणि तरी फर्नेस पेटत नसेल, तर पाइपमध्ये हवा आहे का बघा. सिलिंडर बदलल्यावर ती राहतेच. शेगडी मिनिटभर जाळा, मग फर्नेसला दोन-तीनदा संधी द्या. तीन प्रयत्नांत नाही पेटला तर तो स्वतःला कुलूप लावतो, थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. त्यानंतरही नाही, तर बाहेरच्या जाळीमागे टॉर्च मारा. गॅसला वास यावा म्हणून त्यात मिसळलेला मर्कॅप्टन कोळ्यांना आणि कुंभारमाश्यांना आवडतो, आणि ट्रेलर उभा असताना बर्नरच्या नळीत त्यांचं घर होतं. फर्नेसचं, गीझरचं आणि फ्रिजचंही. घर मऊ ब्रशने काढायचं. जेटच्या (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीच्या) भोकात सुई घालायची नाही: भोक किंचित मोठं झालं की गॅसचं प्रमाण बिघडतं, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. जेट अल्कोहोलमध्ये भिजवून वाळवायचा, बस. आतलं निघत नसेल तर पुढे मेकॅनिककडे द्या.

ज्योत निळी हवी, टोकाला थोडा पिवळा ठिपका चालेल. पूर्ण पिवळी, डोलणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतोय.

रात्रीचं. ट्रेलरमधल्या मूळ फर्नेसची ज्योत बंद पेटीत असते: जळायची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो. पेटीला तडा नसेल आणि बाहेरचं तोंड बर्फाने, मंडपाच्या कापडाने किंवा सामानाने अडलेलं नसेल, तर रात्री चालवायला हरकत नाही. शेगडी किंवा ओव्हन मात्र खोली गरम करायला कधीच नको. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १२ घनमीटर हवा वापरतो, आणि त्यातून दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने आत येतं. काचांवरून ओघळणारं पाणी बघून लोक छत गळतं समजतात. स्वयंपाक करताना छताचं झाकण आणि एक खिडकी दोन-तीन बोटं तरी उघडी हवी. सुटे गॅस हीटर लावून झोपू नका, कितीही सुरक्षित म्हणून विकलेले असोत.

दोन वेगवेगळे अलार्म लागतात. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आहे, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, तो हवेत मिसळतो, त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ. दोन्हींच्या मागे तारीख छापलेली असते. गॅसचा अलार्म बहुधा पाच ते सात वर्षांत निकामी होतो, दिवा हिरवा दिसत असला तरी. तुमचा ट्रेलर जुना आहे, म्हणजे दोन्ही नवीनच घ्या. हेअरस्प्रेने किंवा बॅटरी उतरल्याने खोटा ओरडाही होतो, पण तो खोटाच आहे हे बाहेर जाऊन ठरवायचं. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर दिवा लावू नका, पंखा लावू नका, बंदही करू नका. सगळे बाहेर, दार उघडं, सिलिंडरची चाकी बाहेरूनच बंद, फोन दूर जाऊन. हवेत दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत प्रोपेन असेल तर एक ठिणगी पुरते. जमिनीतली गॅस बाहेर जायची भोकं ‘थंडी येते’ म्हणून कुणी चिंध्या कोंबून बुजवली असतील तर आधी मोकळी करा.

सिलिंडर नेहमी उभा. आडवा केला की वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. भरताना ८० टक्केच भरतात, कारण उन्हात द्रव फुगतो. किती उरलाय ते काट्यावर नाही, वजनावर कळतं: सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. थंड प्रदेशात जाताना नुसतं प्रोपेन भरून घ्या. ते उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतं, ब्यूटेन शून्याच्या आसपासच अडतं. मिश्र गॅसचा सिलिंडर गारठ्यात अर्धा भरलेला असूनही रिकाम्यासारखा वागतो, तो यामुळेच. त्याला आग दाखवून किंवा उकळतं पाणी ओतून जागं करू नका.

फ्रिजबद्दल एकच गोष्ट, पण नेमकी: ट्रेलर समतल उभा करा. गॅसवरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण उष्णतेने उकळतं आणि गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतं. ट्रेलर तिरका राहिला की द्रावण एका जागी तुंबून करपतं, नळी कायमची बुजते आणि फ्रिज बदलावा लागतो. निघायच्या आदल्या रात्री विजेवर चालू करून तो गार करून घ्या, गॅस वाचतो. गाडी चालताना सिलिंडर बंद ठेवा, दार न उघडता फ्रिज काही तास गार राहतो. इंधन भरायला थांबताना सगळ्या ज्योती विझलेल्याच हव्यात.

फर्नेसचा गॅस कमी करायचा असेल तर रात्री थर्मोस्टॅट १५ अंशांवर आणा, छताच्या झाकणात फोमची उशी दाबून बसवा (स्वयंपाक करताना काढा) आणि गरम हवेच्या जाळ्यांवर बूट-पिशव्या ठेवू नका. हवा अडली की फर्नेस तापून स्वतः बंद पडतो, आणि लोक पुन्हा ‘गॅस संपला’ म्हणून सिलिंडर बदलायला धावतात.