गोळ्या सुरू झाल्या, आता घरच्यांनी काय बघायचं?

बीड, लातूर, धाराशिवकडून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराचा पहिला प्रश्न हाच असतो: "मॅडम, ह्या गोळ्यांची सवय लागते का हो?" नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण सवयीच्या धास्तीत घरचे सुरुवातीच्या आठवड्यांत माणसाकडे बघायचंच विसरतात. मला जास्त काळजी त्याची वाटते.

स्पर्धा परीक्षेची तयारी अर्ध्यात सोडून गावी परतलेला २२ वर्षांचा मुलगा. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत आईचा फोन आला. "लेकरू झोपायलंच नाही. रातभर अंगणात फेऱ्या मारायलंय. बंद करू का गोळी?"

मळमळ, डोकेदुखी बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. ही तगमग मात्र वेगळी. पंचविशीच्या आतल्या काही जणांत सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात; अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये मुलांसाठी दिलेला ठळक इशारा २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला तो त्यामुळेच. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. डोस कमी झाला.

पुढच्या भेटीत आईवडिलांसमोरच मी त्याला विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?"

"असलं इचारू नका ओ," आई कळवळली.

"येतं," तो म्हणाला. "गोठ्यात फवारणीचं औषध आहे. नजर तिकडंच जाते."

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आजच हलवतो." असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे त्या घराला तेव्हा पटलं. औषध चुलत्याकडे कुलपात गेलं, गोळ्या आईच्या ताब्यात. ती कॅलेंडरवर रोजची झोप, जेवण, चिडचिड टिपू लागली. मी आधीपासून कुटुंबाला सोबत घेऊनच काम करते. घरच्यांची भीती काढून टाकण्यापेक्षा त्या भीतीलाच काम द्यावं, हे माझं मत इथं पक्कं झालं.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक सोबत घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम घटू शकतं. गोंधळल्यासारखं बोलू लागले तर तपासणी करून घ्या. झोप नसतानाही माणूस भलताच उत्साही, बडबडा, उधळा झाला तर तेही लगेच कळवा. मनात मरणाचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.

मुलगा सावरल्यावर वडिलांनी विचारलं, "आता बंद करायच्या ना?" बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवतात. एकदम सोडल्या तर चक्कर येऊ शकते, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके बसू शकतात. डॉक्टरांनी त्याचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवला आणि तेवढे दिवस आईनं कॅलेंडरवरच्या नोंदी सोडल्या नाहीत.