कोल्हापुरात सागवानाचं तीन फुटी रुंद टेबल करतोय. टॉप खालच्या चौकटीला फेविकॉल आणि स्क्रूने पक्का केला तर चालेल का?

नाही, टॉप पक्का चिकटवू नका; रुंदीच्या दिशेने त्याला हलायला जागा ठेवा. लाकूड हवेतला दमटपणा घेऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही जवळजवळ सगळं रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक नगण्य. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं. तरी जुलै-ऑगस्टचा आपल्याकडचा पाऊस आणि एप्रिलचा कोरडा उन्हाळा यांत लाकडातला ओलावा 5-6 टक्क्यांनी बदलला, तर तीन फुटी टॉप 8 ते 10 मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकतो. जागा नसेल तर फळी तडकते नाहीतर जोड उघडतो.

- रुंदीच्या मध्यावर साधे स्क्रू चालतील.
- कडांकडे चौकटीत रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडून वॉशरसह स्क्रू लावा, फार आवळू नका.
- टोकांना आडवी पट्टी हवीच असेल तर गोंद फक्त मधल्या दोन-तीन इंचांत.

पावसाळ्यात करत असाल तर फळ्या आधीच फुगलेल्या असतात, म्हणून आकसण्यासाठी जास्त जागा सोडा. पॉलिश वरून-खालून दोन्हीकडे मारा. हालचाल थांबत नाही, पण टॉप वाकडा व्हायचा धोका कमी होतो. प्लायवूडचा टॉप असेल तर हलायला अशी जागा सोडावी लागत नाही.