ठिपके कमी झाले, म्हणजे फूल बदलले का?

प्रश्न : 'इनसिग्ने' जातीचे म्हणून घेतलेल्या लेडीज स्लिपर ऑर्किडच्या वरच्या निदलावर (फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातल्या पाकळीसारख्या भागावर) गेल्या वर्षी दाट तपकिरी ठिपके होते, यंदा विरळ आहेत. शेजारी म्हणतात, हे 'व्हिलोसम' या दुसऱ्या जातीचे आहे. कसे ठरवावे? (एक वाचक, शिलाँग)

उत्तर : ठिपक्यांवर निकाल देऊ नका. ऊन आणि कळी भरतानाचे तापमान बदलले की त्याच रोपावर रंग फिका-गडद होतो. शिवाय व्हिलोसमच्या 'बॉक्साली' प्रकारातही निदलावर ठिपके असतात आणि इनसिग्नेच्या पिवळट 'सँडेरी' रूपात ते जवळजवळ नसतातच. पानेही फसवतात. दोन्हींची पाने सलग हिरवी असतात, खालून बुडाशी जांभळे ठिपके दोघांतही येतात. (पान चितकबरे आणि फुलाच्या चपलेसारख्या पिशवीवर ठळक हिरव्या शिरांची जाळी असेल, तर ती तिसरीच जात, 'व्हेनुस्टम'.)

खरी खूण फुलाच्या मागे आहे. भिंगातून फुलाचा देठ व बीजांडकोश (फुलामागचा, पुढे फळ होणारा भाग) पाहा : लांब, दाट, लोकरीसारखी लव असेल तर व्हिलोसम, आखूड, जांभळट लव असेल तर इनसिग्ने. मग बाजूच्या पाकळ्या पाहा. व्हिलोसममध्ये त्या वार्निश लावल्यासारख्या चकाकतात आणि मधल्या गडद शिरेच्या वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा तपकिरी असतो.

खुणा सरमिसळ दिसल्या, तर ते या दोघांचे संकरित 'नायटेन्स' असू शकते. रोपवाटिकांत ते जुने आहे. फूल उमलल्यावर आठवडाभराने समोरून, बाजूने, मागून आणि मधल्या वंध्य पुंकेसराच्या ढालीचा (फुलाच्या मध्यावरच्या ढालीसारख्या भागाचा) जवळून, असे चार फोटो मोजपट्टीसह दरवर्षी काढा.