आवळ्याला दरवर्षी भरपूर फुलं येतात, पण फळ धरत नाही. झाड नर आहे म्हणून तोडावं का?

तोडू नका. 'नर झाड' या कारणावरून तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की कलम एनए-७ जातीचं आहे, सात वर्षांचं झालंय, मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि आसपास दुसरा आवळा नाही. या शेवटच्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे. रातांब्यात, पपईत नर झाडं वेगळी असतात, त्यामुळे आपल्याकडे फळत नाही त्या प्रत्येक झाडाला लोक नर ठरवून मोकळे होतात. कलमी आवळ्याच्या एकाच काडीवर दोन्ही फुलं येतात. येत्या बहरात एक कोवळी काडी हातात घेऊन भिंगातून बघा. बुडाकडे पानांच्या बेचक्यांत झुपक्यांनी, बारीक देठांवर लोंबतात ती नर फुलं. शेंड्याकडे जवळजवळ बिनदेठाची, काडीला चिकटून बसलेली, पोटाशी हिरवा मणी असलेली मोजकी फुलं दिसतील, ती मादी. सडा पडतो तो बहुतेक नर फुलांचा, आणि तो पडायचाच.

मादी फुलं दिसली तर झाडात खोट नाही. अडचण अशी आहे की आवळा स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही. वाऱ्याने किंवा मधमाशीने परागकण कुक्षीवर, म्हणजे मादी फुलाच्या पराग घेणाऱ्या टोकावर, पोचतात, पण ते त्याच झाडाचे असतील तर पुढे बीजधारणा होत नाही आणि फूल गळून जातं. त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो.

इथेच बहुतेकांची फसगत होते. "मग एनए-७ चंच आणखी एक कलम लावतो," असं म्हणतात. एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या. मूळ झाडाच्या डोळ्यांवरूनच (फांदीवरच्या अंकुरांवरूनच) ती वाढलेली असतात, त्यामुळे अशी पन्नास कलमं लावली तरी परागाच्या हिशेबाने झाड एकच. सह्याद्रीतले रानआवळे लगडतात, कारण ते बियांपासून उगवलेले असतात आणि कोणतीही दोन झाडं सारखी नसतात.

मात्र फळ धरलं नाही हे तुम्ही कोणत्या महिन्यात ठरवलंत, हेही तपासा. आवळ्याची ही खोड मला फार आवडते: फलन झालेलं फूल अख्खा उन्हाळा तसंच निजून राहतं. आंब्यासारख्या कैऱ्या शोधत मे महिन्यात झाडाखाली उभं राहिलात तर काहीच दिसणार नाही. पाऊस लागला की जुलै-ऑगस्टमध्ये ते फुगायला लागतं. सप्टेंबरातही फांद्या रिकाम्या असतील, तर परपरागण, म्हणजे दुसऱ्या जातीच्या परागाने फलन, झालं नाही असं धरून चाला.

जागा असेल तर आठ-दहा मीटरवर कृष्णा, कांचन, एनए-६ किंवा चकैया यांपैकी एखादं कलम लावा. जागा नसेल तर मी तुमच्या जागी याच झाडाच्या एक-दोन फांद्यांवर दुसऱ्या जातीचे डोळे भरून घेतले असते. पावसाळ्यात पॅच पद्धतीने (सालीच्या तुकड्यासकट बसवलेला) डोळा चांगला लागतो, आणि हे काम जाणत्या कलमदाराकडूनच करून घ्या. त्या फांदीला फुलं यायला काही वर्षं जातील. तोवर हिमाचलातले सफरचंदवाले करतात तसं करून बघा: दुसऱ्या जातीच्या फुललेल्या डहाळ्या पाण्याच्या बाटलीत घालून झाडावर बांधा. डहाळ्या ताज्या हव्यात, नर फुलं नुकती उमललेली हवीत आणि ती तुमच्या झाडावरच्या मादी फुलांच्या वेळेलाच आणलेली हवीत.

फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी देऊ नका आणि कीटकनाशक तर अजिबात फवारू नका, मधमाश्या मरतात. दुकानदार 'फळधारणेचं टॉनिक' काढून देईल. ते घेऊ नका, परागाची उणीव बाटलीतल्या औषधाने भरून निघत नाही.

नवं कलम घेताना नर्सरीत जातीचं नाव विचारा आणि लेबल बघूनच घ्या. नुसतं "चांगला आवळा द्या" म्हणालात तर पुन्हा एनए-७ च हातात पडण्याची शक्यता आहे, कारण आपल्याकडे सर्रास तीच जात विकली जाते.