तळपायाची गाठ कुरूप नाही, मग काय?

प्रश्न: आईचं वय ५८. तिच्या तळपायाच्या कडेला दोनेक वर्षांपासून वाटाण्याएवढी लालसर गाठ आहे, आम्ही कुरूप समजून कॉर्न कॅप लावत राहिलो पण काही फरक नाही, उलट चप्पल घासली की रक्त येतं. आता स्किनच्या डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून बायोप्सी केली तर रिपोर्टमध्ये 'एक्राइन पोरोमा, बिनाइन' आलंय. घरात सगळे घाबरलेत. हा कॅन्सर आहे का, आणि ऑपरेशन करायलाच हवं का?

उत्तर: नाही, हा कॅन्सर नाही ('बिनाइन' म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली गाठ), हे आधी आईंना सांगा. घामाच्या ग्रंथीची नळी कातडीतून बाहेर येते ना, तिथल्या पेशी वाढून ही गाठ होते. तळहात-तळपायांवर या ग्रंथी सगळ्यात दाट असतात आणि पोरोमाही तळपायावर किंवा पायाच्या कडेला जास्त सापडतो, बहुतेक वेळा चाळिशीनंतर. त्वचारोगतज्ज्ञ पिंकस आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे चप्पल-टॉवेल वेगळे ठेवायची गरज नाही.

कुरूप कडक, पिवळट असतं आणि सहसा त्यातून रक्त येत नाही. पोरोमा मऊसर, गुलाबी-लाल असतो, पटकन रक्ताळतो, आणि नीट बघितलं तर बऱ्याचदा त्याच्याभोवती बारीक खळगा दिसतो, गाठ जणू वाटीत बसवल्यासारखी. पण नुसतं बघून खात्री देता येत नाही, कारण मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर काळा रंग नसलेला असेल तर तोही अगदी असाच दिसू शकतो, म्हणून बायोप्सी केली ते फार बरं झालं. कॉर्न कॅप मात्र आजच बंद करा, त्यातल्या अ‍ॅसिडने आजूबाजूची चांगली कातडी जळते, आणि आईंना शुगर असेल तर ती जखम महागात पडेल. ब्लेडने तासणं वगैरे तर अजिबात नको.

ऑपरेशनबद्दल विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे, काढून टाका. उद्याच करायला हवं असं नाही पण वर्षानुवर्षं ठेवूही नका, कारण क्वचित जुन्या पोरोमात पोरोकार्सिनोमा नावाचा कॅन्सर होतो. गाठ अचानक वाढली, चिघळली, दुखायला लागली किंवा धक्का न लागता रक्त यायला लागलं तर लगेच दाखवा. साधारणपणे जागा बधिर करून पूर्ण गाठ काढतात, थोडा भाग राहिला तर ती परत येऊ शकते. म्हणून काढलेली अख्खी गाठ तपासायला पाठवायला सांगा आणि कडा क्लिअर आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठीच्या पेशी नाहीत ना, हे रिपोर्टमध्ये बघा. तळपायावर वजन येतं त्यामुळे टाके जरा उशिरा काढतात, तोवर आईंना फार उभं राहू देऊ नका.