तिसऱ्या नीटआधी एक बाटली चिखल

पत्राचा सारांश : डिचोलीचे (गोवा) एक वडील लिहितात. खाणी चालू असताना त्यांचे दोन टिप्पर होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, टिप्पर दारात उभे राहिले आणि कर्ज राहिलं. मुलगी बारावी पीसीबी, ७९ टक्के. नीटचे दोन प्रयत्न झाले, गुण २१२ आणि २६८. तिसऱ्या वर्षासाठी कोणता क्लास लावावा, असं ते विचारतात. ‘मुलगी मात्र ब्राझीलमध्ये खाणीचं धरण फुटून चिखलाने भरलेल्या कुठल्याशा नदीचे व्हिडिओ बघते. असल्या नद्या सुधारायचं काम करणार म्हणते. झाडं लावायला डिग्री कशाला लागते?’ पत्राच्या तळाशी मुलीच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘पर्यावरणशास्त्रात बीएस्सी केली तर चालेल का?’

नमस्कार,

पत्रातल्या गुणांनी मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती दोन वाक्यांनी. पहिलं, ‘ती डॉक्टर झाली की घर वर येईल.’ टिप्परचं कर्ज तुम्ही काढलंत आणि खाणी तुमच्या हातात नसलेल्या कारणांनी बंद पडल्या. तुमची त्यात चूक नव्हती. पण तेव्हा तुमची मुलगी सहा-सात वर्षांची असेल. त्या कर्जाची फेड तिच्या नीटच्या गुणांवर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि हे तुम्हाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं म्हणून सांगतो.

दुसरं वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय : ‘हल्ली जेवतानासुद्धा बोलत नाही.’ कृपा करून याला मोबाइलचं वेड म्हणून सोडून देऊ नका. दोन वर्षं एकाच परीक्षेत स्वतःला तोलून घेतलेली मुलगी गप्प होते तेव्हा आधी तिची झोप, जेवण आणि मैत्रिणींशी बोलणं बघा. तिन्ही बिघडलं असेल तर करिअरची चर्चा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

तिसरा क्लास लावू नका. वर्षभर बाकी सगळं सोडून ५६ गुण वाढले. पुढच्या वर्षी दुप्पट होतील असं क्लासवाले सांगतात, पण फी त्यांना निकालाआधीच मिळालेली असते.

आता ‘झाडं लावायला डिग्री कशाला’. मुलगी जे बघते ते बहुधा रिओ दोसी नदीचं प्रकरण असावं. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना शहराजवळचं फुंदाव धरण फुटलं. लोहखनिज धुऊन उरलेला गाळ साठवायचं ते धरण होतं. १९ माणसं गेली, बेंतो रॉड्रिग्ज हे गाव गाडलं गेलं आणि सुमारे चार कोटी घनमीटर गाळ साडेसहाशे किलोमीटरहून जास्त वाहत दोन-अडीच आठवड्यांत अटलांटिकला पोचला. धरण का फुटलं याची तज्ज्ञांनी चौकशी केली. निचऱ्याची व्यवस्था सदोष होती. धरणाचा एक भाग मागे सरकवून मऊ, बारीक चिखलावर चढवत नेला होता. वजन वाढलं तसा खालचा चिखल बाजूला पसरला, वरची पाण्याने भरलेली वाळू सैल झाली आणि एका क्षणी पातळ होऊन वाहू लागली. झाडांचा विषय इथे अजून आलेलाही नाही. हे सगळं माती आणि पाण्याचं शास्त्र आहे.

काठावर जो गाळ बसला त्यात लोहाचे ऑक्साइड आणि बारीक वाळू. सेंद्रिय द्रव्य जवळजवळ शून्य, नत्र-स्फुरद नाममात्र. सुकला की त्यावर पापडी धरते, मुळं आत जात नाहीत, पाणी मुरत नाही. कोळशाच्या किंवा गंधकयुक्त खनिजाच्या खाणीत माती आंबट होते म्हणून चुना टाकतात. त्याच सवयीने इथेही चुना टाकला तर पैसे वाया जातात, कारण हा गाळ आम्ल नाही. इथे गरज असते सेंद्रिय खताची आणि मूळच्या मातीत मिसळण्याची. आणि क्रम महत्त्वाचा. पहिल्या पावसाआधी झपाट्याने वाढणारं गवत आणि शेंगवर्गीय झाडोरा पेरून पृष्ठभाग धरायचा, काठाचा उतार कमी करायचा, पायथ्याला दगड रचायचे, वरून येणाऱ्या पाण्याला चर काढून वाट द्यायची. हे न करता रोपं लावली तर एका पुरात काठासकट जातात. रोपं त्यानंतर. साधारण तीन बाय दोन मीटरवर लावली तर हेक्टरी १,६६७ बसतात. तिथेही मारेकरी ठरलेले : आफ्रिकेतून आलेलं चाऱ्याचं गवत रोपांना दाबून टाकतं, पानं कापणाऱ्या मुंग्या रोप बोडकं करतात, कुंपण नसेल तर गुरं चरतात. लावणीपेक्षा पुढच्या दोन-तीन वर्षांची निगा जड जाते. ४०,००० हेक्टर जंगल आणि ५,००० झरे पुन्हा उभे करायचं तिथे ठरलं होतं. झऱ्याच्या बाबतीत पहिलं काम असतं गुरं आत शिरणार नाहीत असं कुंपण घालणं.

सगळा गाळ उपसून टाका, असंही कुणी म्हणेल. खालच्या जलविद्युत धरणात अडकलेला जवळपास एक कोटी घनमीटर गाळ उपसायचा तर तो ठेवायचा कुठे, इथून प्रश्न सुरू झाला. काठावर तर यंत्रं घातली की उरलेली माती मोकळी होऊन पुन्हा नदीत. त्यामुळे बराच गाळ जागेवरच बांधून ठेवावा लागतो. कुठे उपसायचा आणि कुठे बांधायचा, हे ठरवणाऱ्या माणसाला डिग्री लागते. बेंतो रॉड्रिग्जचे लोक नव्या गावात राहायला जाऊ लागले ते २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये १७० अब्ज ब्राझिली रियालचा नवा भरपाई करार झाला, त्यातली नव्याने द्यायची रक्कम २० वर्षांत चुकवायची आहे. इतकं लांबतं हे काम.

आता बेटा, तुझ्या एका ओळीचं उत्तर. पर्यावरणशास्त्रात बीएस्सी पदवीलाच घेऊ नकोस. त्यात सगळ्याची तोंडओळख होते, कशातच हात बसत नाही. आधी एक पक्का विषय धर : भूशास्त्र किंवा मृदाशास्त्र. गोव्यात चौगुले आणि धेंपे महाविद्यालयात भूशास्त्र आहे. मृदाशास्त्राकडे शेतकीतून यायचं असेल तर सुळकर्ण्याला कृषी महाविद्यालय आहे, दापोलीला फॉरेस्ट्री. परराज्याच्या जागांचा नियम आधी बघ. पुढे एमएस्सीसाठी जॅम (आयआयटींची प्रवेश परीक्षा) किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. पर्यावरण आघात अहवाल (प्रकल्पाने परिसरावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना भूशास्त्र, मृदसंधारण, परिसंस्था असे त्या त्या विषयाचे तज्ज्ञ दाखवावे लागतात. खाणींना खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. काम तिथे आहे. सुरुवातीचा पगार डॉक्टरचा नसेल, नोकऱ्या हजारांनी निघत नाहीत, आणि उन्हात, चिखलात उभं राहावं लागतं. ब्राझीलचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. तिथलं काम पोर्तुगीजमध्ये चालतं आणि तिथल्या माणसांना मिळतं.

तुमच्या तालुक्यातच एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाहेर पडून तिचे डंप झाले. त्यातले काही ऑस्ट्रेलियन बाभळीने हिरवे दिसतात, तरी पावसात लाल पाणी खालच्या शेतात उतरतंच. तिथून सुरुवात कर. डंपावर चढायचं नाही, पावसात तर पायथ्यालाही उभं राहायचं नाही. उघाडीला खालच्या शेतातली माती घे, आणि दुसरा नमुना जवळच्या कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला. दोन सारख्या बाटल्यांत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. पाच मिनिटं हलवून ठेव. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा (वाळूहून बारीक कण) दोनेक तासांत, चिकणमाती दिवसभर किंवा जास्त. थरांची उंची पट्टीने मोजून लिही. मग दोन्ही जागी १५ सेंटीमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा जमिनीत दोन बोटं रोवून लिटरभर पाणी ओत आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघ.

आणि वडिलांनी तिच्याबरोबर जायचं. कुठल्या डंपावर कुठल्या खड्ड्याची माती पडली, कुठली बाजू कधी घसरली, हे टिप्परवाल्याला जितकं माहीत असतं तितकं नकाशात नसतं. वहीत तेही लिहून घ्या, तारखा आठवतील तशा. प्रवेश अर्जाच्या मुदतीआधी हे दोन रविवारांचं काम आहे. वहीची पानं मला पाठवा, मग भूशास्त्र की मृदाशास्त्र ते आपण ठरवू.